खांद्यातली पाण्याची गाठ: सुईने काढायची की दुर्बिणीने?

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचे यजमान ३८ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात वीज कंपनीत लाइनमन. सहा-सात महिने उजवा खांदा मागच्या बाजूने दुखतोय आणि खांबावर हात वर करून तार ओढताना जोर कमी पडतोय. आंघोळीनंतर ते पाठमोरे बसले असताना उजव्या खवाट्यावर तुम्हाला खळगा दिसला, तसा डाव्या बाजूला नव्हता. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘स्पायनोग्लेनॉइड नॉचमध्ये पॅरालॅब्रल सिस्ट’ असं आलंय, आकार जवळपास ३ सेंटिमीटर. सोबत लॅब्रमला वरच्या-मागच्या बाजूने फाट आणि इन्फ्रास्पायनेटस स्नायूत सूज. एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढू म्हटलं, दुसऱ्यांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. घरात सगळे ‘गाठ’ या शब्दाने घाबरलेत आणि कुणीतरी सांगितलंय की खांद्याला चाकू लागला की हात कायमचा जातो.

आधी भीतीचं बोलू. रिपोर्टमधलं वर्णन असंच असेल, म्हणजे गाठीत नुसतं पाणी, आत कुठेही घट्ट भाग नाही आणि शेजारीच लॅब्रमची फाट, तर ही कॅन्सरची गाठ नाही आणि ती पुढे कॅन्सरची होतही नाही. सांध्यातलं वंगण बाहेर गळून साठल्यामुळे ती तयार झालीय. मनगटावर कधीकधी गोटीएवढी गाठ येते ना, तिच्याच जातीची. फक्त ती अशा अडचणीच्या जागी बसलीय की तिच्या आकारापेक्षा तिची जागा त्रासदायक ठरतेय.

ती झाली कशी, ते समजून घ्या, कारण सुई की दुर्बीण याचं उत्तर त्यातच आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकलेला चेंडू. बशी जरा खोल व्हावी म्हणून तिच्या काठाने एक चिवट गोल कड असते, कुकरच्या झाकणाला रबर असतं तशी. तिला लॅब्रम म्हणतात. दंडाच्या बेटकुळीचा एक कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) वरच्या बाजूला याच कडेला येऊन चिकटतो. वर्षानुवर्षं हात डोक्यावर नेऊन झटके दिले किंवा पडताना सगळा भार पसरलेल्या हातावर आला, तर नेमकी तिथेच कड हाडापासून सुटते. या फाटीला ‘स्लॅप’ हे नाव १९९० मध्ये मिळालं, पण त्याच्या पाच वर्षं आधीच बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंमध्ये ती नोंदली गेली होती. लाइनमनचं काम त्याहून फार वेगळं नाही.

विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह तुमच्या भागात प्रत्येकाला माहीत असतो. पाणी वर चढतं, पण परत खाली उतरत नाही. लॅब्रमची फाट अगदी तसंच काम करते. हात हलला की सांध्यातलं वंगण फाटीतून बाहेर ढकललं जातं, आणि आत परत यायला गेलं की फाटीची झडप मिटते. बाहेर पडलेलं पाणी हळूहळू घट्ट होऊन कोरफडीच्या गरासारखं बनतं, आणि त्याच्याभोवती पातळ पिशवी धरते. तीच तुमच्या रिपोर्टमधली गाठ.

आता खळग्याकडे येतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि ती एमआरआयच्या आधी तुमच्या डोळ्यांना दिसली.

सुप्रास्कॅप्युलर नावाची एक नस मानेतून निघते, खवाट्याच्या वरच्या कडेला असलेल्या खाचेतून, एका बळकट पट्टीच्या खालून आत शिरते, आणि वरच्या सुप्रास्पायनेटस स्नायूला फांदी देते. नंतर खवाट्यावर हाताला लागणाऱ्या आडव्या कण्याला वळसा घालून दुसऱ्या खाचेतून खाली उतरते आणि इन्फ्रास्पायनेटसला पोचते. ही दुसरी खाच म्हणजे स्पायनोग्लेनॉइड नॉच. बशीच्या मागच्या काठापासून ही नस फार तर दीड-दोन सेंटिमीटरवर असते. एवढ्याशा बोळात ३ सेंटिमीटरची गाठ येऊन बसली, तर नस हाडावर दाबली जाणारच. दाबलेल्या नसेचा स्नायू आधी सुजतो, मग सुकतो. तुम्हाला दिसलेला खळगा म्हणजे सुकायला लागलेला इन्फ्रास्पायनेटस.

हा स्नायू हात बाहेरच्या बाजूला फिरवतो. घरी पाहायचं असेल तर त्यांना दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून, हात पुढे करून बसवा. तुम्ही दोन्ही मनगटांवर बाहेरून आत दाब द्या आणि त्यांना बाहेर ढकलायला सांगा. दोन्ही बाजूंच्या जोरात फरक आहे का, ते लगेच कळेल.

इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सांध्याची वेदना वाहून नेणाऱ्या या नसेच्या फांद्या बऱ्याच अंशी दुसऱ्या खाचेच्या आधीच सुटलेल्या असतात. त्यामुळे गाठ त्या खाचेत असली तर दुखणं बेताचं राहून स्नायू मात्र सुकत जातो. ‘आता पूर्वीएवढं दुखत नाही, म्हणजे उतार पडतोय’ असं म्हणत वर्ष घालवलेले रुग्ण मी पाहिलेत. दुखणं खरंच कमी झालेलं असतं, आणि तोपर्यंत स्नायूच्या जागी चरबी भरलेली असते. एकदा चरबी भरली की नस मोकळी केली तरी तो स्नायू पूर्ववत होत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘सूज’ लिहिलंय, ‘चरबी’ नाही. याचा अर्थ वेळ अजून हातात आहे. पण गाठ तशीच ठेवायला फार दिवस नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं सरळ उत्तर असं: स्नायूची ताकद कमी झालीय, खळगा दिसतोय, गाठ नसेला दाबतेय आणि लॅब्रम फाटलेला आहे. हे चारही एकत्र असताना मी नुसत्या सुईवर थांबणार नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांशी मी सहमत आहे.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. खांद्याच्या शस्त्रक्रिया करायला लागून मला वीसहून अधिक वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात अशाच गाठीसाठी एक तरुण कबड्डीपटू आला होता. ऑपरेशनला तो घाबरत होता, आणि मलाही वाटलं की आधी सोपं करून पाहू. सोनोग्राफीवर बघत सुई घातली, घट्ट पिवळसर पाणी ओढून काढलं, थोडं स्टेरॉइड सोडलं. दुखणं दोन दिवसांत गेलं. त्याच्या आईने पेढे आणून दिले. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा गाठ पूर्वीएवढीच होती आणि खवाट्यावरचा खळगा मात्र अधिक खोल होता. नंतर मी दुर्बिणीने फाट शिवली, गाठ गेली, पण त्या चार महिन्यांत गेलेलं मांस पूर्ण भरून आलं नाही. तो नंतर खेळला, पण त्याची पकड पूर्वीसारखी राहिली नाही. पंपाचा फुटव्हॉल्व्ह तसाच ठेवून मी हौद रिकामा केला होता. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून स्नायू सुकलेला दिसला की मी सुईचा आग्रह धरत नाही.

सुईला जागाच नाही, असं मात्र नाही. ज्याला भूल देणं धोक्याचं आहे, ज्याचं ऑपरेशन काही कारणाने दोन-तीन महिने पुढे ढकलावं लागतंय पण नसेवरचा दाब आत्ता कमी करायचाय, किंवा ज्याला फक्त दुखणं आहे आणि ताकद शाबूत आहे, अशांना सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत सुईने पाणी काढून देता येतं. फक्त रुग्णाला आधीच सांगावं लागतं की गाठ परत येण्याची शक्यता बरीच आहे. आणि ताकद पूर्ण असेल, ईएमजी (स्नायूतले विजेचे संकेत मोजणारी चाचणी) चांगलं असेल, गाठ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये सहज सापडली असेल, तर काहीच न करता व्यायाम आणि नजर ठेवणं हाही योग्य सल्ला आहे. काही गाठी आपोआप विरतात. पण तुमच्या यजमानांची गोष्ट तशी नाही.

ऑपरेशनच्या आधी ईएमजी आणि नसेची चाचणी करून घ्या. ती थोडी टोचते, पण नस कितपत दबलीय याचा लेखी पुरावा हाती राहतो आणि नंतर सुधारणा मोजता येते. शिवाय ही चाचणी आणखी एका आजाराला बाजूला काढायला उपयोगी पडते. काही जणांना एका रात्रीत खांद्यात असह्य कळ सुरू होते, आठ-पंधरा दिवसांत कळ ओसरते आणि मग हात लुळा पडू लागतो. तो नसांच्या जाळ्याचा दाह असतो, त्याला ऑपरेशनचा उपयोग नाही. आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांमध्ये तर गाठ नसतानाही हाच स्नायू सुकू शकतो, कारण सर्व्हिसच्या जोरदार झटक्याने नस त्याच खाचेत ताणली जाते. इटलीतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे खेळाडूंच्या तपासणीत दाखवून दिलं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत गाठ समोर दिसतेय, त्यामुळे संशय कमी आहे. तरीही चाचणी करूनच पुढे जावं, असं माझं मत.

आता दुर्बीण म्हणजे नक्की काय करतात. जपानमध्ये ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशयाची दुर्बीण घालून पाहिली, आणि १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्मन यांनी इतर सांध्यांबरोबर खांद्यातही डोकावून पाहिलं. तेव्हाच्या नळ्या जाड आणि उजेड अंधूक. आज आम्ही वापरतो ती दुर्बीण साधारण ४ मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीहूनही बारीक. खांद्याच्या मागे एक आणि पुढे एक-दोन, अशी बोटाच्या पेराहून लहान छिद्रं घेतो. सांधा सलाइनने फुगवतो आणि आतलं सगळं पडद्यावर मोठं करून बघतो.

आत शिरल्यावर मी पहिल्यांदा फाट शोधतो. सळईने लॅब्रम उचलून पाहिलं की ती खरी फाट आहे की जन्मजात सैल कड, हे कळतं. रिपोर्ट कितीही स्पष्ट असो, ही खात्री डोळ्यांनी करावीच लागते. मग फाटीतूनच बोथट हत्यार हळूच मागे सरकवतो. गाठीला धक्का लागला की तो पिवळा, घट्ट गर फाटीतून सांध्यात वाहत येतो. हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी समाधान वाटतं, कारण त्या क्षणी नसेवरचा दाब सुटलेला असतो. मागच्या काठापलीकडे एक सेंटिमीटरहून खोल जायला मी टाळतो. नस तिथेच आहे, आणि तिला मोकळं करायला गेलो असताना तिलाच इजा करायची नाही. मग हाडाची कड खरवडून ताजी करतो, म्हणजे लॅब्रम तिथे जुळून येईल, आणि २-३ मिलिमीटर जाडीचे छोटे अँकर, म्हणजे दोरे ओवलेल्या खुंट्या, हाडात बसवून त्यांच्या दोऱ्यांनी लॅब्रम जागेवर घट्ट बांधतो. फुटव्हॉल्व्ह बंद झाला, आता हौद पुन्हा भरणार नाही.

गाठ स्वतंत्रपणे फोडायची की नाही यावर आमच्यातही दोन मतं आहेत. काही सर्जन गाठीला हातच लावत नाहीत. फाट शिवली की पाण्याचा उगम बंद होतो आणि काही महिन्यांच्या एमआरआयमध्ये गाठ विरलेली दिसते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे आणि अनुभवाने सिद्ध झालंय. तरी स्नायू सुकायला लागला असेल तर मी गाठ त्याच वेळी रिकामी करतो. नसेला आणखी काही महिने दाबाखाली ठेवायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या सर्जनचं मत वेगळं असेल तर त्यांना कारण विचारा. चांगलं कारण असेल, तर त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. हात त्यांचा सरावलेला आहे.

वयाचा मुद्दा मात्र जरूर काढा. चाळिशीच्या पुढे वरचा लॅब्रम शिवला तर खांदा आखडण्याची आणि दुखत राहण्याची शक्यता वाढते. अशा वेळी बेटकुळीचा तो कंडरा लॅब्रमपासून सोडवून खाली दंडाच्या हाडावर बसवणं जास्त चांगलं ठरतं. ३८ हे अगदी उंबरठ्यावरचं वय आहे. कंडरा झिजलेला आहे की धडधाकट, हे दुर्बिणीतूनच दिसेल, म्हणून दोन्हींची संमती आधीच देऊन ठेवा.

धोके लपवत नाही. खांद्यात जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होऊ शकतो. खांदा आखडू शकतो, आणि साखर असलेल्यांत हे फार जास्त होतं. म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी आधी करून घ्या, आणि ती वर असेल तर आधी खाली आणा. नसेला इजा, अँकर सैल होणं, फाट न जुळणं आणि गाठ परत येणं, ही शक्यता कमी असली तरी शून्य नाही. पूर्ण भुलेबरोबर मानेच्या बाजूला एक इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. त्यामुळे त्या दिवशी हात लाकडासारखा जड वाटतो, कधीकधी आवाज बसतो, पापणी जड होते, क्वचित दमही लागतो. औषध उतरलं की हे सगळं जातं, म्हणून नंतर घाबरू नका. पण हे इंजेक्शन देण्याआधी हाताची ताकद आणि संवेदना तपासून केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा. नंतर काही बदल वाटला तर तुलना त्या नोंदीशीच होते.

‘खांद्याला चाकू लागला की हात जातो’ हे जुन्या काळच्या मोठ्या चिरांवरून आलेलं बोलणं असावं. तेव्हा या गाठीपर्यंत पोचायला मागचा स्नायू सोडवावा लागायचा. दुर्बिणीत स्नायू कापला जात नाही. माझ्या अनुभवात हात गमावायची वेळ येते ती ऑपरेशन टाळून मालिशवाल्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे महिनोन्‌महिने जाणाऱ्यांवर. कृपा करून त्या खांद्याला जोरात चोळू नका, झटके देऊ नका. दबलेल्या नसेवर बाहेरून आणखी दाब देऊन काहीच सुटत नाही.

नंतरचा काळ संयमाचा आहे, आणि तो मी तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण तुमचे यजमान स्वस्थ बसणारे वाटत नाहीत. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी घरी जातात. चार ते सहा आठवडे हात झोळीत. बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं. खांदा फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या हाताच्या आधाराने हलवायला शिकवतील. या सहा आठवड्यांत उजव्या हाताने बादली उचलायची नाही, भरलेला डबाही नाही. कोपर वाकवून वजन उचललं की बेटकुळी ताणते आणि तीच दोरी शिवलेल्या कडेला ओढते. तीन महिन्यांच्या आसपास जोराचे व्यायाम सुरू होतात. खांबावर चढणं, सेफ्टी बेल्टमध्ये लटकून डोक्यावर हात नेऊन तार ओढणं, यासाठी मी किमान सहा महिने थांबवतो. त्याआधी कार्यालयात हलकं काम मिळतंय का, ते पाहा. ऑपरेशनच्या आधीच मेडिकल सर्टिफिकेट घेऊन साहेबांशी बोलून ठेवलं, तर घाईने खांबावर चढायची वेळ येणार नाही.

सुधारणा एका क्रमाने येते. आधी दुखणं कमी होतं, पुष्कळदा काही आठवड्यांतच. ताकद मागून येते, कारण खराब झालेला तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो आणि त्यानंतर स्नायूला जागं व्हायलाही वेळ लागतो. सहा महिन्यांत फरक जाणवला पाहिजे, वर्षभरात बराचसा भरून येतो. खळगा पूर्ण बुजेलच असं वचन मी देत नाही. पण बाहेर ढकलण्याचा जोर परत आला तर थोडा खळगा राहिला तरी रोजच्या कामाला अडत नाही.

ज्यांच्या खांद्यात वेगळ्या प्रकारच्या गाठी आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. खांद्याच्या अगदी वर, गळ्याच्या हाडाच्या टोकाशी मऊ फुगवटा आला, तर ती बहुतेक वयस्कर माणसांतली, आतला मोठा कंडरा फाटल्यामुळे आलेली गाठ असते. ती सुईने काढली की पुन्हा भरते, इलाज आतल्या कंडऱ्याचा किंवा सांध्याचा करावा लागतो. लॅब्रम खालच्या बाजूने फाटून तिकडे गाठ झाली, तर ती काखेतल्या नसेला दाबते. आणि आपल्याकडे संध्याकाळी अंगात कणकण, वजन कमी होणं आणि सांध्याजवळ थंड सूज असेल, तर टीबीचा विचार केल्याशिवाय दुर्बिणीकडे धावू नये. काढलेला द्रव आणि पापुद्रा तपासायला पाठवावाच.

खर्चाचं मोठं ओझं अँकरचं असतं. किती अँकर लागतील आणि कोणते, हे सर्जनना आधी विचारून घ्या, विम्याची मंजुरी आधी काढा, आणि सरकारी योजनेत हे बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. आणि हे ऑपरेशन कोण करणार, खांद्यातलं लॅब्रम शिवण्याचं काम ते नेहमी करतात का, हे विचारायला मुळीच लाजू नका. गुडघ्याची दुर्बीण रोज करणारा हात खांद्यातही तेवढाच सरावलेला असेल, असं नसतं.

आज संध्याकाळी एक करा. यजमानांना शर्ट काढून, चांगल्या उजेडात पाठमोरं बसवा, दोन्ही हात मांडीवर ठेवा, आणि मागून दोन्ही खवाटे एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा. तारीख लिहून ठेवा. सर्जनकडे जाताना एमआरआयची फिल्म, सीडी आणि हा फोटो न्या, आणि ऑपरेशननंतर दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात असाच एक फोटो काढत राहा.